कॅसेट-प्रकाशने, स्वतंत्र

कॅसेट-प्रकाशने, स्वतंत्र : मोठ्या ध्वनिमुद्रण-कंपन्यांचे भांडवल, कारखाने व विक्रीव्यवस्था यांचा आधार न घेता, बहुधा एका-दोघा व्यक्तींनी राहत्या घरातून चालविलेल्या आणि कॅसेटच्या रूपाने संगीत प्रसिद्ध करणाऱ्या लहान प्रकाशनसंस्था. संगीतव्यवसायात अशा संस्थेस ‘लेबल’ ही संज्ञा रूढ आहे. सु. १९७५ ते १९९० या काळात यूरोप, अमेरिकेची संयुक्त संस्थाने, जपान व ऑस्ट्रेलिया येथील प्रायोगिक संगीताचा मोठा भाग प्रथम याच मार्गाने श्रोत्यांपर्यंत पोहोचला. यंत्रांचे व धातूच्या वस्तूंचे आवाज, विद्युत् उपकरणांतून निर्माण केलेला गोंगाट, ध्वनिफितीचे तुकडे जोडून केलेल्या रचना असे या संगीताचे स्वरूप होते. त्याला हजारो ग्राहक मिळण्याची शक्यता नव्हती आणि ध्वनिमुद्रिकांच्या व्यवसायात तेवढे ग्राहक नसणाऱ्या संगीतास स्थान नव्हते. कॅसेटने प्रकाशनासाठी लागणारी प्रतींची किमान संख्या एकावर आणली. या प्रकाशनांना लाभलेले स्वातंत्र्य, त्यांतील उणिवा आणि आज त्यांच्यावर ओढवलेले नष्टचर्य या सर्वांचे मूळ या एका बदलात आढळते.

तांत्रिक पार्श्वभूमी : कॅसेटची रचना फिलिप्स या डच कंपनीच्या बेल्जियममधील हॅसेल्ट येथील कारखान्यात ल्यू ओटेन्स (१९२६–२०२१) यांच्या मार्गदर्शनाखाली सिद्ध झाली व ऑगस्ट १९६३ मध्ये बर्लिन येथील नभोवाणी-प्रदर्शनात ती प्रथम मांडण्यात आली. तीतील फितीची रुंदी ३·८१ मिमी. व वेग सेकंदास ४·७६ सेंमी. होता. मोठ्या चकत्यांवरील फितींच्या तुलनेने हे प्रमाण फारच कमी असल्याने प्रारंभी ही रचना संगीतापेक्षा भाषणे व तोंडी मजकूर टिपून घेण्यास योग्य मानली जाई. फिलिप्सने इतर उत्पादकांना या रचनेचा विनामूल्य वापर करू दिल्यामुळे ती अल्पावधीत जगभर प्रमाणभूत ठरली. १९७० च्या सुमारास क्रोमियम डाय-ऑक्साइडाचा लेप असलेल्या फिती व डॉल्बी ही पार्श्वरव कमी करणारी योजना यांमुळे कॅसेटवर संगीतही समाधानकारक रीतीने मुद्रित होऊ लागले. १९७९ मध्ये टॅस्कॅम या जपानी उत्पादकाने ‘पोर्टास्टुडिओ १४४’ हे यंत्र बाजारात आणले. साध्या कॅसेटवर चार स्वतंत्र ध्वनिपथ मुद्रित करून त्यांचे मिश्रण करण्याची सोय त्यात होती. तोपर्यंत जे काम भाड्याच्या ध्वनिमुद्रणगृहात करावे लागे, ते यामुळे स्वयंपाकघरातील मेजावरही करता येऊ लागले.

याउलट ध्वनिमुद्रिकेची तबकडी तयार करावयाची, तर प्रथम लॅकरचा थर दिलेल्या चकतीवर ध्वनिखाचा कोराव्या लागत, तीवरून धातूचे साचे करावे लागत व त्या साच्यांनी व्हिनाइलवर प्रती दाबून काढाव्या लागत. हा बहुतेक खर्च पहिली प्रत हाती येण्यापूर्वीच होत असे. तो भरून यावा म्हणून कारखान्याकडे एकदम काही शे प्रतींची मागणी नोंदवावी लागे, आणि न खपलेल्या प्रती प्रकाशकाच्या घरी पडून राहत. कॅसेटच्या बाबतीत दोन यंत्रे एकमेकांस तारेने जोडली की प्रत निघे. मात्र पैशाची जागा येथे वेळेने घेतली. मूळ वेगानेच प्रत काढावयाची, तर साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका प्रतीस एक तास व दहा प्रतींस दहा तास लागत. मागणीचे पत्र आले की प्रत काढावयाची, छायाप्रत केलेले आवरण घडी घालून डबीत बसवावयाचे आणि पाकीट टपालात टाकावयाचे, अशी सर्वसाधारण पद्धत होती. पुष्कळदा पैसेही घेतले जात नसत. मागणाऱ्याने कोरी कॅसेट व परतीचे टपालखर्च पाठवावे किंवा स्वतःची कॅसेट बदल्यात द्यावी, अशी प्रथा होती. परदेशी पत्रव्यवहारात परतीच्या टपालासाठी आंतरराष्ट्रीय टपाल उत्तर-कूपन उपयोगी पडे. परिणामी श्रोता, संगीतकार व प्रकाशक या तीन भूमिका बहुधा एकाच व्यक्तीकडे असत.

ब्रिटन : या चळवळीला निश्चित वळण लंडनमधील ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ (स्थापना १९७५) या संगीतसमूहाने दिले. जेनेसिस पी-ऑरिज (१९५०–२०२०), कोझी फॅनी टुटी (१९५१– ), पीटर क्रिस्टोफरसन (१९५५–२०१०) व क्रिस कार्टर (१९५३– ) हे त्याचे चार सदस्य. १९७६ मध्ये त्यांनी ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्‌स’ ही प्रकाशनसंस्था काढली व तिच्या नावावरून ‘औद्योगिक संगीत’ ही संज्ञा प्रचारात आली. या समूहाने तबकड्याही काढल्या; तथापि आपल्या जाहीर कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे त्याने कॅसेटवर प्रसिद्ध केली. १९७९ मध्ये अशा चोवीस कॅसेटींचा, प्रत्येकी सु. एका तासाचा, संच एका छोट्या प्रवासी पेटीत घालून विक्रीस ठेवण्यात आला. चोवीस तासांचे असे ध्वनिमुद्रण तबकड्यांवर काढणे कोणत्याही व्यापारी कंपनीस परवडले नसते. इतरांच्या कामासही या संस्थेने स्थान दिले. शेफील्ड येथील ‘कॅबरे व्होल्टेअर’ या समूहाची १९७४ ते १९७६ मधील घरगुती ध्वनिमुद्रणे, तसेच त्याच शहरातील ‘क्लॉक डीव्हीए’ याचे पहिले प्रकाशन या संस्थेने १९८० मध्ये कॅसेटरूपाने आणले. १९८१ मध्ये समूह विसर्जित झाला. परंतु तोवर त्याच्या अनुकरणाने अनेक छोट्या संस्था उभ्या राहिल्या होत्या. गॅरी मंडी यांची ‘ब्रोकन फ्लॅग’ (१९८२) व प्रारंभी दृक्‌श्राव्य नियतकालिकासारखी प्रकाशने काढणारी लंडनची ‘टच’ (१९८२) या त्यांपैकी उल्लेखनीय होत.

याच सुमारास ब्रिटिश ध्वनिमुद्रण-व्यवसायाच्या संघटनेने, घरी कॅसेट भरण्याने संगीताचा घात होत आहे, असा प्रचार १९८१ मध्ये सुरू केला. ध्वनिमुद्रिका व नभोवाणी यांवरून केल्या जाणाऱ्या अनधिकृत नकला हे त्याचे लक्ष्य होते. कॅसेट-प्रकाशकांच्या दृष्टीने मात्र घरी कॅसेट भरणे हेच संगीताच्या अस्तित्वाचे साधन होते. त्याच वर्षी न्यू म्यूझिकल एक्स्प्रेस या साप्ताहिकाने रफ ट्रेड या संस्थेच्या सहकार्याने ‘सी ८१’ हा कॅसेटसंग्रह आपल्या वाचकांसाठी काढला, यावरून या माध्यमास मिळालेली मान्यता दिसून येते.

इतर देश : पश्चिम बर्लिनमध्ये ‘आइनश्टुर्त्सेंड नॉयबाउटेन’ (स्थापना १९८०) या समूहाने जून १९८० मध्ये शहरातील महामार्गाच्या एका पुलाच्या पोकळ भागात धातूवर आघात करून केलेले वादन साध्या उपकरणावर मुद्रित केले व ते कॅसेटवरच प्रसिद्ध केले. बंदिस्त जागेतील घुमणारा नाद व यंत्राची मर्यादित क्षमता यांमुळे आलेला खरखरीतपणा हा या कृतीचा दोष न ठरता तिचे वैशिष्ट्य ठरला. इटलीत मिलान येथील मॉरित्स्यो ब्यांकी यांनी १९७९-८० मध्ये ‘साखर-पेल्त्स’ या नावाने ध्वनिमुद्रिकांचे आवाज विकृत करून केलेल्या रचना कॅसेटवर काढल्या. टोकिओमध्ये मासामी आकिता (१९५६– ) यांनी ‘मेर्झबाऊ’ या नावाने याच सुमारास संगीतरचनेस आरंभ केला. हे नाव जर्मन दादावादी कलावंत कुर्ट श्विटर्स यांच्या एका वास्तुशिल्पात्मक कृतीवरून घेतलेले आहे. आकितांनी स्वतःच्या प्रकाशनसंस्थेमार्फत, छायाप्रतींच्या कोलाजांनी सजविलेल्या कॅसेटी जगभरच्या पत्रमित्रांकडे टपालाने धाडल्या. जपानी गोंगाट-संगीतास पुढे जी आंतरराष्ट्रीय कीर्ती लाभली, तिचा पाया या टपालव्यवहारात होता.

अमेरिकेच्या विस्तीर्ण भूप्रदेशात विखुरलेल्या संगीतकारांना जोडण्याचे कार्य प्रामुख्याने लघुनियतकालिकांनी केले. वॉशिंग्टन राज्यातील ऑलिंपिया येथून जॉन फॉस्टर यांच्या संपादकत्वाखाली निघणारे ऑप (१९७९–८४) हे त्यांतील अग्रगण्य होय. इंग्रजी वर्णमालेतील एकेका अक्षरास एक अंक वाहिलेला असे व त्या अक्षराने ज्यांची नावे सुरू होतात त्या संगीतकारांवर त्यात भर दिला जाई. सव्विसावे अक्षर संपताच नियतकालिकही योजनेप्रमाणे बंद झाले. त्यातील कॅसेट-परीक्षणांच्या सदरात प्रत्येक कॅसेटखाली तिच्या कर्त्याचा टपाल पत्ता छापलेला असे. या पत्त्यांच्या यादीतूनच देशभर पत्रव्यवहाराचे जाळे निर्माण झाले. ऑपनंतर ऑप्शन व साउंड चॉइस या नियतकालिकांनी १९८५ पासून ही परंपरा चालविली. न्यूयॉर्कमधील ॲल मार्गोलिस यांच्या ‘साउंड ऑफ पिग’ (स्थापना १९८४) या एकट्या संस्थेने काही वर्षांतच सु. ३०० कॅसेटी प्रसिद्ध केल्या. इंडियानापोलिस येथील हॅल मॅगी व डेबी जॅफी यांची ‘कॉज अँड इफेक्ट’ ही प्रकाशनाबरोबरच इतरांच्या कॅसेटींच्या वितरणाचेही काम करी.

कॅसेट हेच नियतकालिक, अशी कल्पनाही या काळात प्रत्यक्षात आली. मेलबर्न येथील फास्ट फॉरवर्ड (१९८०–८२) या नियतकालिकाचे तेरा अंक निघाले. त्यांत संगीताबरोबर मुलाखतीही ध्वनिमुद्रित स्वरूपात असत. न्यूयॉर्कमधील टेलस (१९८३–९३) हे जोझेफ नेच्व्हाटल, क्लॉडिया गोल्ड व कॅरल पार्किन्सन यांनी सुरू केले. त्याने ध्वनिकाव्य, संगणकीय संगीत, नभोनाट्य इत्यादींना वाहिलेले विशेषांक वर्गणीदारांना टपालाने पुरविले.

पूर्व यूरोप व सोव्हिएट संघ : पश्चिमेकडे कॅसेटने भांडवलाची अडचण दूर केली. साम्यवादी राजवटींत प्रकाशन हा सर्वस्वी शासनाचा अधिकार होता. तेथे अडचण परवानगीची होती व तीत धोकाही होता. सोव्हिएट संघात ‘मेलोदिया’, तर पूर्व जर्मनीत ‘आमिगा’ ही नाममुद्रा धारण करणारी सरकारी संस्था लोकप्रिय संगीताच्या तबकड्या काढी. शिवाय पूर्व जर्मनीत जाहीर वादनासाठीही सरकारी समितीकडून वर्गवारी करून घ्यावी लागे. अशा परिस्थितीत फितींच्या नकला हातोहात फिरविण्याची प्रथा पडली. हस्तलिखित व टंकलिखित गुप्त साहित्यास रशियनमध्ये ‘समिझदात’ म्हणतात. त्यावरून ध्वनिफितींच्या या प्रसारास ‘माग्‌नितिझदात’ हे नाव पडले. प्रारंभी हा प्रसार मोठ्या चकत्यांवरील फितींच्या द्वारे होई. कॅसेटचा वापर नंतर वाढला. पूर्व जर्मनीत १९८५ नंतर कार्ल-मार्क्स-श्टाट (सांप्रतचे केम्निट्‌झ) येथील ‘एजी गायगे’ यासारख्या समूहांनी विद्युत् वाद्यांवरील आपल्या विक्षिप्त रचना स्वतःच कॅसेटींवर भरून वाटल्या.

चेकोस्लोव्हाकियातील ‘द प्लॅस्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ (स्थापना १९६८) या समूहाचा व्यावसायिक परवाना १९७० मध्ये काढून घेण्यात आला. १९७६ मध्ये या वर्तुळातील अनेकांना अटक होऊन चौघांना आठ ते अठरा महिन्यांच्या कारावासाच्या शिक्षा झाल्या. या खटल्याच्या निषेधातून जे लोक एकत्र आले, त्यांच्या प्रयत्नांतून जानेवारी १९७७ मध्ये ‘चार्टर ७७’ हे मानवी हक्कांचे सुप्रसिद्ध घोषणापत्र निघाले. समूहाचे १९७४-७५ मधील ध्वनिमुद्रण देशाबाहेर पोहोचून १९७८ मध्ये तबकडीच्या रूपाने पश्चिमेत प्रसिद्ध झाले. सोव्हिएट संघातील मुक्त जॅझ व प्रायोगिक वादनाच्या बाबतीतही असेच घडले. लंडनमधील लिओ फायगिन यांच्या ‘लिओ रेकॉर्ड्‌स’ (स्थापना १९७९) या संस्थेने गुप्तपणे बाहेर आलेल्या फितींवरून गानेलिन त्रयी (१९८०) व पियानोवादक स्यिर्ग्येई कुऱ्योखिन (१९८१) यांच्या तबकड्या काढल्या. फिती प्रसिद्ध करण्याची जबाबदारी वादकांची नाही, असा खुलासा या तबकड्यांवर छापला जाई. प्रकाशनाबद्दल कलावंतास शिक्षा होऊ नये, एवढाच त्या एका ओळीचा हेतू होता.

भारताशी तुलना : भारतात कॅसेटचा प्रसार १९८० नंतर झपाट्याने झाला, तथापि त्याचे स्वरूप भिन्न होते. येथे ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ या नाममुद्रेच्या दीर्घकालीन वर्चस्वास कॅसेटने धक्का दिला आणि लहान-मोठे असंख्य व्यापारी उत्पादक पुढे आले. भजने, लोकगीते, कव्वाली, तसेच मराठीत शाहिरी व आंबेडकरी गीते यांना त्यामुळे स्वतःची बाजारपेठ मिळाली. अमेरिकन संगीतशास्त्रज्ञ पीटर मॅन्युएल यांनी उत्तर भारतातील या स्थित्यंतराचा अभ्यास कॅसेट कल्चर (१९९३) या ग्रंथात केला आहे. ‘कॅसेट-संस्कृती’ ही संज्ञा पाश्चात्त्य प्रायोगिक वर्तुळातही रूढ असल्याने दोहोंची गल्लत होण्याचा संभव असतो. भारतीय उत्पादक मोठ्या कंपन्यांनी दुर्लक्षिलेल्या ग्राहकांच्या शोधात होते, तर प्रायोगिक प्रकाशक ग्राहकांच्या संख्येचा विचारच बाजूला ठेवून काम करीत होते. उत्पादनाची सूत्रे मोजक्या हातांतून सुटली, ही बाब मात्र दोन्हीकडे समान आहे.

स्वरूप व उणिवा : फितीवरून फीत भरताना प्रत्येक पिढीत पार्श्वरव वाढतो व उच्च कंप्रतेचे ध्वनी क्षीण होतात. अनेक संगीतकारांनी ही झीज टाळण्याऐवजी रचनेचे अंग म्हणून स्वीकारली. मॅसॅचूसेट्‌समधील लोएल येथील ‘आरआरआर रेकॉर्ड्‌स’ या संस्थेने तर टाकून दिलेल्या व्यापारी कॅसेटींवरच नवे ध्वनिमुद्रण करून, जुन्या वेष्टनावर चिकटपट्टी लावून त्या विकण्याची एक माला चालविली. जुन्या गाण्याचे अवशेष अधूनमधून ऐकू येणे हे तिचे एक वैशिष्ट्य.

निवड करणारा संपादक नसल्यामुळे या प्रकाशनांत सामान्य व पुनरुक्त कृतींचे प्रमाण मोठे राहिले. एखाद्या दुपारी केलेले प्रयोग जसेच्या तसे प्रसिद्ध होत. याहून गंभीर आक्षेप आशयाविषयी आहे. इंग्लंड व अन्यत्र काही प्रकाशकांनी नाझी छळछावण्या, खुनी गुन्हेगार व लैंगिक अत्याचार यांची चित्रे आवरणांवर सर्रास वापरली. समाज जे पाहण्याचे टाळतो ते दाखविणे हा हेतू असल्याचे समर्थन काहींनी केले. परंतु बऱ्याच ठिकाणी चिकित्सेपेक्षा धक्का देण्याचीच हौस अधिक दिसते. ज्या व्यवस्थेत कोणासही नकार मिळत नव्हता, तीत अशा सामग्रीला अडविणारेही कोणी नव्हते. प्रागमधील कलावंतांना ज्या स्वातंत्र्यासाठी कारावास पत्करावा लागला, त्याचाच हा दुसरा उपयोग होता, हे या इतिहासाचा विचार करताना नजरेआड करता येत नाही.

ऱ्हास व पुनरुज्जीवन : १९९० नंतर लेखनक्षम संहत तबकड्या स्वस्त झाल्या व पुढे आंतरजालावरून संगीत पाठविणे शक्य झाले, तेव्हा कॅसेटचे व्यावहारिक फायदे संपुष्टात आले. मोठ्या कंपन्यांनी २००० नंतरच्या दशकात कॅसेटी काढणे जवळजवळ सोडून दिले आणि सोनी कंपनीने २०१० मध्ये जपानमधील कॅसेट-वॉकमनचे उत्पादन थांबविले. याच काळात अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या गोंगाट-संगीताच्या वर्तुळात ‘अमेरिकन टेप्स’ व ‘हॅन्सन रेकॉर्ड्‌स’ यांसारख्या संस्थांनी कॅसेटची परंपरा टिकवून धरली होती. पुढे लॉस अँजेल्समधील ‘नॉट नॉट फन’ (स्थापना २००४) इ. संस्थांमुळे नव्या पिढीत तिला पुन्हा चालना मिळाली. २०१३ मध्ये ब्रिटन व अमेरिकेत ‘कॅसेट-विक्री दिन’ साजरा करण्यास आरंभ झाला. या पुनरुज्जीवनात कॅसेट ही गरज राहिली नव्हती. संगीत आंतरजालावर ऐकता येत असूनही हाती धरावयाची एक वस्तू म्हणून ती घेतली जाऊ लागली.

जतन : या प्रकाशनांच्या इतिहासाची साधने आज नाशाच्या मार्गावर आहेत. फितीवरील चुंबकीय लेपाची झीज, तिला शीर्षाशी दाबून धरणाऱ्या गादीचे सुटणे, शेजारच्या वेढ्यांवर ध्वनीचा ठसा उमटणे इ. कारणांनी मुद्रण खराब होते. पुष्कळ कृतींच्या प्रती पन्नासांहूनही कमी निघाल्या. मागणीनुसार प्रत काढली जात असल्यामुळे संख्येची नोंद ठेवण्याचे कारणही नव्हते. ब्रिटनमध्ये पुस्तकाची एक प्रत राष्ट्रीय ग्रंथालयास देणे प्रकाशकावर बंधनकारक आहे. ध्वनिमुद्रणांना हा नियम लागू नाही. त्यामुळे सार्वजनिक संग्रहांत या कॅसेटी अपवादानेच आढळतात. जे वाचले ते बहुतांशी मूळ पत्रमित्रांच्या खोक्यांतून वाचले. रॉबिन जेम्स यांनी संपादित केलेला कॅसेट मिथॉस (१९९२) हा लेखसंग्रह या वर्तुळाने स्वतःच सिद्ध केलेला दस्तऐवज होय. जर्मनीतील फ्रीड्रिक्सहाफेन येथील ‘व्हिनाइल-ऑन-डिमांड’ (स्थापना २००३) या संस्थेने अनेक दुर्मिळ कॅसेटी तबकड्यांवर पुनःप्रकाशित केल्या, तर टेलसचे अंक संगणकीय रूपात उपलब्ध करून देण्यात आले.

व्यापारी यशाच्या वा श्रोतृसंख्येच्या कसोटीवर या प्रकाशनांचे मोल अल्प ठरेल. तथापि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील संगीताची एक संपूर्ण शाखा लोकांनी एकमेकांस पत्रे लिहून व एकमेकांसाठी प्रती काढून वाढविली, ही गोष्ट संगीताच्या सामाजिक इतिहासात महत्त्वाची आहे. तिच्या प्रकाशनाचा खर्च जसा व्यक्तींनी उचलला, तसेच तिच्या जतनाचे कामही आजवर मुख्यतः व्यक्तींनीच केले आहे. ते अभिलेखागारांनी व ग्रंथालयांनी आपल्याकडे घेतले नाही, तर फितीवरील लेप झडेल, त्याबरोबर या शाखेचा पुरावाही नाहीसा होईल.